राणीचं झाकलेलं ताट

"…राणीच्या ताटावर हिरवा रेशमी रुमाल झाकलेला," सांगता सांगता भामाचं खुरपं थांबलं. बाकीच्या बायकांचीही थांबली. इथे कांद्याच्या वाफ्यात डोकी तापलेली, तिकडे महालात वाळ्याच्या पडद्यातून गार झुळूक.

"गोष्टी बंद!" बांधावरून मालकीणबाई कडाडल्या. "आज निंदणी उरली, तर उद्या दुसऱ्या बायका बोलावीन."

भामाने तोंड मिटलं. महाल विरला, ऊन तेवढं राहिलं. खुरपी गोगलगायीसारखी रेंगाळली.

बांधावर येरझारा घालून मालकीणबाई हळूच वाकल्या. "भामे, रुमालाखाली होतं काय गं?"

"ही ओळ धरा, बाई." भामाने जादा खुरपं पुढे केलं. "शेवटाला पोचलो, की राणी रुमाल उचलते."

मालकीणबाईंनी पदर खोचला. सगळ्यांत आधी त्याच पोचल्या. भामा मात्र मागेच. ताटात काय वाढावं, ते तिचं अजून ठरत नव्हतं.