एवारिस्तोकाकांचं मत

चर्चच्या पंचांपुढे तीनदा ठराव आला आणि तीनदा एवारिस्तोकाकांच्या एका मतानं पडला. उद्या रविवारी चौथी बैठक. पास्टर ग्रिसेल्दा भर दुपारी त्यांच्या घराकडे निघाली.

यानिना आणि लूर्देस या दोघींचं एकमेकींशी सरकारी लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. उरुग्वेच्या कायद्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पण लूर्देसच्या आईनं अंथरूण धरलं होतं, आणि लेकीला चर्चचा आशीर्वाद मिळालेला तिला डोळ्यांनी पाहायचा होता. पाच पंचांपैकी दोघे राजी, दोघे विरोधात. उद्याही नकार आला तर ग्रिसेल्दा राजीनामा देणार होती. अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यावा की नाही, हा एकच वाद बारा वर्षं घालून तिला वीट आला होता.

ऐंशीचे एवारिस्तोकाका अंगणात माते नावाचा कडक चहा पीत बसले होते. त्यांनी तिलाही भरून दिला. तिचे वडील आन्सेल्मो यांचे हे जिवलग मित्र. वडील गेल्यापासून दर महिन्याला त्यांच्या कबरीवरचं गवत हेच काढत. बाई पास्टर नको म्हणून गावानं गिल्ला केला, तेव्हा एकटे काका तिच्या बाजूनं उभे राहिले होते. म्हणूनच त्यांचा हा हट्ट तिला उमगत नव्हता.

तिनं शास्त्रवचनं काढली नाहीत. फक्त त्या म्हातारीचं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. पोरी गुणी आहेत, म्हणाले, लूर्देसच्या भट्टीचाच पाव रोज खातो.

"मग अडतंय कुठं, काका? पाप वाटतं तुम्हाला?"

"नाही."

"लोकांची भीती?"

"या वयात?" ते किंचित हसले.

ग्रिसेल्दा उठली. राजीनाम्याचं तिनं सांगून टाकलं. तुमच्यावर राग नाही, म्हणाली, पण आता माझ्यानं ओढवत नाही.

"बस, पोरी. उद्या मी हो म्हणेन." काकांनी पेला खाली ठेवला. "पंचावन्न वर्षांपूर्वी आन्सेल्मो मला म्हणाला होता, आपण दोघं कुठंतरी लांब जाऊन संसार करू. चर्चला चालणार नाही म्हणून मी नाही म्हटलं, आणि तुझ्या आईशी लग्न कर म्हणून त्याच्या मागं लागलो. आता चर्चला चालतं, हे त्याला जाऊन कोण सांगणार?"