वाट्याचं पाणी

तिसऱ्या दिवशीही अंघोळीला अर्धीच बादली मिळाली, तेव्हा भालचंद्र खरोट्यांना शंका आली. सांगलीहून ते जालन्याला लेकीकडे आले होते. माणूस मुक्कामाला गेला की त्याच्या वाट्याचं पाणीही मोठ्या वाहिनीतून तिथल्या नळाला यायचं.

“मृणाल, माझा मुक्काम नोंदवला नाहीस?”

मृणाल बाळाची दुपटी पिळत होती. “नाही, बाबा. तुमचं पाणी सांगलीलाच राहू दे. शेजारी त्यातलंच आईच्या मोगऱ्याला घालतात, नाहीतर तो वाळेल ना!”

 खरोट्यांनी सांगलीच्या शेजाऱ्यांना फोन करून मोगरा मुळासकट जालन्याला पाठवायला सांगितलं आणि नळाशेजारच्या यंत्रावर अंगठा टेकवला.

“मुक्काम किती दिवस?” यंत्राने विचारलं.

“कायमचा,” ते म्हणाले आणि उरलेली दुपटी धुवायला बसले.