पांढरा टॉवेल

वस्तरा बाबांच्या गळ्याला टेकला होता आणि तिचा हात पुढे सरकत नव्हता. दुकान अजून उघडायचं होतं. अर्ध्यावर उचललेल्या शटरखालून सकाळचं ऊन फरशीवर आलं होतं. खुर्चीत बाबा मान मागे टाकून बसले होते, तोंडभर फेस, आणि वर निवांत पाय हलवत होते. गळा त्यांचा, पण घाम तिला फुटला होता.

आज शेवटचा दिवस. आठवडाभरात एक तरी दाढी रक्त न काढता केलीस तर ही खुर्ची तुझी, नाहीतर किल्ल्या तुझ्या चुलतभावाकडे, असं बाबांनी मागच्या रविवारी सांगून टाकलं होतं. चुलतभाऊ तयारच होता. तो येता-जाता दुकानाची रुंदी पावलांनी मोजायचा. त्याला इथे मोबाइलची कव्हरं विकायची होती.

केस कापण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. वर्षभर कात्री तीच चालवत होती. केस कापायला फार वेळ उभं राहावं लागतं, कंबर धरते, मी आपला दाढीपुरता, असं बाबा म्हणायचे. गिऱ्हाइकांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. बाबांच्या हातची दाढी म्हणजे लोक खुर्चीत घोरायचे.

तिला मात्र दाढी जमेना. पहिले दोन दिवस फुग्यावर फेस लावून सराव झाला. फुगे फुटले, तेवढंच. मग बाबांनी स्वतःचा चेहरा पुढे केला. एकदा हनुवटी कापली, एकदा कानाखाली, आणि काल तर थेट गळ्यावर. वस्तऱ्याला धार होती, धरायची पद्धत बरोबर होती, अडत होतं ते बाबांच्या हट्टापाशी. ते म्हणायचे, डोळे मीट. डाव्या हाताने कातडी ताण, उजव्याने वस्तरा ओढ आणि ऐक. खुंट असतील तिथे खरखर होईल, साफ झालं की आवाज थांबेल. याला शिकवणं म्हणायचं की जिवाशी खेळ? मधेच घाबरून ती डोळे उघडायची, हात दचकायचा आणि रक्त यायचं.

"कोणाची वाट बघतेस?" बाबा म्हणाले. "मीट डोळे."

तिने मिटले. बोटांनी गळ्याची कातडी ताणली. वस्तरा ओढला. खरखर, खरखर, मग काहीच नाही. बाबांनी आवंढा गिळला तसा तिने हात उचलला, थांबली, पुन्हा टेकवला. डोळे उघडावेत असं दहादा वाटलं. तिने दात आवळून धरले. गळा झाला, हनुवटी झाली, गाल झाले. नाकाखाली तर तिने स्वतःचाच श्वास रोखला होता. शेवटची खरखर थांबली आणि तिने डोळे उघडले.

मग तुरटी. जरा जरी कापलं असेल तरी तुरटी झोंबते, गिऱ्हाईक ओय करतं. तिने ती गळ्यापासून कानापर्यंत सावकाश फिरवली. बाबा हूं की चूं करेनात. तिला रडू यायला लागलं. खुर्ची तिची झाली होती.

"टॉवेल दे," बाबा म्हणाले. रोजचा नेम होता. काम झालं की ते टॉवेल उजेडात धरून बघत.

तिने त्यांचं तोंड आजच्या धुतलेल्या टॉवेलने पुसलं होतं, पण आनंदाच्या भरात हात गेला तो खुंटीवरच्या टॉवेलकडे. तो कालचा होता. बाबांच्या हातात दिल्यावर तिचं लक्ष गेलं. मधोमध रुपयाएवढा वाळलेला लाल डाग होता. आता बाबा काय म्हणणार? ती खुलासा करायला तोंड उघडणार, तोच बाबांनी टॉवेल उन्हात धरला, मान तिरकी करून निरखून पाहिला आणि हसले.

"पांढराशुभ्र," ते म्हणाले. "एक ठिपका नाही."

आधी तिला वाटलं, मुलीसाठी खोटं बोलताहेत. पण कामात बाबांनी सख्ख्या भावालाही कधी सूट दिली नव्हती. आणि डाग तर त्यांच्या नाकासमोर होता.

मग तिला एकेक आठवायला लागलं. फेसाची वाटी बोटभर सरकली तरी ते घर डोक्यावर घेत. गिऱ्हाईक दारात खोकलं की त्याचं नाव सांगत. वस्तरा लावण्याआधी प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून तळवा फिरवत. आणि वर्षभर त्यांनी कात्री धरली नव्हती. गावभराचे गळे या खुर्चीत मागे टेकले होते, आणि एकालाही ओरखडा आला नव्हता. तिला बाबांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्यांची दया आली.

बाहेर कोणीतरी खोकलं.

"या पोस्टमास्तर," म्हणत बाबा खुर्चीतून उठले. मास्तर वाकून आत आले, खुर्चीत बसले आणि सवयीने मान मागे टाकली. बाबांची दोन बोटं फळीच्या कडेवरून सरकत वस्तऱ्यापर्यंत पोहोचली.

तिने त्यांचा हात धरला. "आज मी करते, बाबा."

बाबांनी वस्तरा सोडला नाही. तिनेही हात सोडला नाही. मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते. मग बाबांची बोटं हळूहळू सैल झाली. ते तिच्या कानाशी वाकले.

"तू डोळे उघडे ठेवून कर, पोरी," ते म्हणाले. "मिटून करायची वेळ माझ्यावर आली होती."