येतो

सकाळपासून या कॉम्प्युटरपुढे बसून माझ्या डोक्याचा भुगा झालाय. घरच्या वापरासाठी एक साधा अँटिव्हायरस निवडायचा, तर त्यात अर्धा दिवस गेला.

पहिला फुकटचा होता. सारखी घंटा वाजवून 'मला विकत घ्या' म्हणायचा. वैतागून काढून टाकला. जाताना पडद्यावर एकच शब्द आला: 'येतो.'

मला हसूच आलं. निघताना 'जातो' म्हणू नये, एवढं वळण तरी होतं त्याला.

दुसऱ्याने कॉम्प्युटरची गोगलगाय करून टाकली. तोही काढला. कंपनी वेगळी, पण शब्द तोच: 'येतो.'

मी कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावून विचारलं, हे मराठी कसं बोलतात.

"मराठी?" तो म्हणाला. "अहो साहेब, यातल्या एकालाही मराठी येत नाही."

"एक धड निवडता येत नाही तुम्हाला!" बाहेरच्या खोलीतून बायको ओरडली.

तिसऱ्याला तर मीच चोर वाटलो. माझ्याच कॉम्प्युटरचा पासवर्ड मला चारचारदा विचारून मगच त्याने आत घेतलं. रागारागाने त्यालाही काढलं आणि 'येतो'ची वाट बघत बसलो.

या वेळी पडद्यावर आलं: 'आलो.'

बाहेर दाराची कडी वाजली.

"अगंबाई, तुम्ही बाहेर कधी गेलात?" बायको कुणाला तरी म्हणाली. "मला वाटलं, आत कॉम्प्युटरवर बसलायत."

"मी?" बाहेरून माझाच वैतागलेला आवाज आला. "मग आत कोण बसलंय? थांब, त्याला आधी काढून टाकतो."