ओढा उतरेपर्यंत

सकाळी ओढा जेमतेम घोट्याएवढा होता. दोघांनी बूटही न काढता, दगडांवरून उड्या मारत तो ओलांडला होता. दुपारी शिखराजवळ बसून बायकोने महिनाभर मनात घोळवलेलं एकदाचं बोलून टाकलं. तिला आता वेगळं राहायचं होतं. नवऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "उतरूया." पण वसंतातल्या उन्हाने दिवसभर वरचा बर्फ वितळवला होता. संध्याकाळी ते खाली पोचले, तेव्हा ओढा फेसाळत, गोटे लोटत धावत होता. सकाळचे दगड केव्हाच बुडाले होते. "रात्री गारठा पडला की पाणी उतरेल. उजाडेपर्यंत इथेच थांबावं लागणार," तो म्हणाला. तिच्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं हेच डोंगर पालथे घालणाऱ्या माणसाला दुपारनंतर पाणी चढतं हे ठाऊक नव्हतं? "तू मुद्दाम उशीर केलास. मला अडकवायला!" "लवकर निघायला हवं होतं, हे कळत होतं मला," तो म्हणाला. "पण तू बोलत होतीस. आजही मध्येच उठलो असतो, तर तू पुन्हा कधी बोलली नसतीस." त्याने आरडाओरडा केला असता, हातापाया पडला असता, तर काय म्हणायचं हे तिने ठरवून ठेवलं होतं. तो असं काही बोलेल, हे मात्र तिने धरलंच नव्हतं. तडक उठून चालू पडावं, तर वाटच उरली नव्हती. "माझा निर्णय बदललेला नाही," ती शेवटी म्हणाली. "माहीत आहे," तो म्हणाला, आणि तिला वारा लागू नये असा आडवा बसला.