लाल बटणावरचं बोट

कोरणी मागेपुढे नेणारा वाय ॲक्सिस पुन्हा अडखळला आणि पाटीवरच्या ‘ओगले’मधला ‘ग’ सरळ ‘ओ’वर चढला. जन्मभर फिटर असलेल्या ओगल्यांनी कोरीवकामाच्या सीएनसी मशीनचा बेल्ट ताणला, स्क्रू पिळले, तेलही दिलं. तरी तेच. आणि याच मशीनवर काल त्यांच्या बायकोनं, वृंदानं, रांगोळीचे तेरा साचे केसभरही न चुकता कोरून घेतले होते. तेच त्यांना सलत होतं.

“तिच्या हाताखाली बरा चालतोस,” ते मशीनला म्हणाले. “माझ्याशीच काय वाकडं आहे तुझं?”

“वृंदाताई मला सुरू करून भाजी निवडायला जातात,” मशीन म्हणालं. “तुमचं बोट सतत लाल बटणावर. आता थांबवाल, मग थांबवाल, या धास्तीनं माझी स्टेप चुकते.”

“ऐकलंस का गं? याला तूच हवीस,” ओगले कुत्सितपणे म्हणाले.

वृंदा दारात आली. “त्याचं काय चुकलं? तुम्ही ओट्यापाशी येऊन उभे राहिलात की माझीही पोळी गोल होत नाही.”

“इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस.”

“त्याला विचारलंत,” ती म्हणाली, “तसं मला कधी विचारलंत?”