बुधवारचा उपास

दारातल्या पोरीनं फवाऱ्याची बाटली रोखली, तशा सत्यभामाबाईंनी दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

"हँड्स प्लीज, मॅडम," पोरगी गोड हसली. बोटीवरच्या जेवणघराचा तो नियमच होता. हातांवर फवारा घेतल्याशिवाय आत पाऊल नाही. कपाशीवर औषध मारावं तशी ती येणाऱ्या प्रत्येकाला फवारत होती.

"माझा आज उपास हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या.

मागं उभ्या असलेल्या करुणाताई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, जागीच थांबल्या. "सोमवारी महादेवाचा झाला. मंगळवारी देवीचा. आमच्यात उपास नसतात म्हणून विचारते हो, बुधवार कोणाचा?"

"बुधवार... आमच्या शेतातल्या म्हसोबाचा!"

बोलून गेल्या आणि जीभ चावली. म्हसोबाला आजवर कुणी उपास धरला नव्हता. तो बिचारा फार तर कोंबडं मागायचा. करुणाताई मात्र हसल्या नाहीत. सत्यभामाबाईंना वाटलं, हिला कळलं. नक्की कळलं.

त्या तिथून सटकल्या. बोट तरी केवढी! त्यांच्या गावची अर्धी फुलंब्री आत मावली असती आणि उरलेल्या जागेत आठवडी बाजार भरला असता. पण एवढ्या मोठ्या बोटीवर त्यांना दोन हात लपवायला जागा सापडत नव्हती. हातांवर इसब होतं. खारं वारं आणि बोटीवरचा साबण, दोघांनी मिळून तीन दिवसांत तळव्यांना काळ्या रानासारख्या भेगा पाडल्या होत्या. खाज तर अशी सुटायची की कठड्यावर हात घासावेसे वाटत. "सॅनिटायझर मुळीच नको," असं औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. "आणि घाबरू नका, हे कुणाला लागत नाही."

डॉक्टरला ठाऊक होतं, पण लोकांना कुठं ठाऊक असतं? नवी नवरी असताना चुलत सासूनं हे इसब बघून त्यांच्या हातची भाकर ताटाबाहेर सारली होती. ती भाकर त्या चाळीस वर्षांत विसरल्या नव्हत्या. आता विहिणीनं हात बघितले, तर ती म्हणणार, आईला हाय म्हंजी पोरीलाबी येणार. सायलीचं लग्न मोडणार. याच लग्नासाठी सत्यभामाबाई वर्षभर सगळ्या भावकीशी एकट्या भांडल्या होत्या. साखरपुडा आठ दिवसांवर आला होता. दोघी आयांची गट्टी जमावी म्हणून सायली आणि करुणाताईंच्या सम्यकनं हौसेनं ही सहल काढली, आणि इथं हे.

"आई, सांगून टाक ना त्यांना," सायली रोज म्हणायची.

"खबरदार! माझी शपथ हाय तुला."

म्हणून तीन दिवस दशम्या. बाहेरचं अन्न बोटीवर आणायला बंदी, तर बाईंनी साड्यांच्या घड्यांत वीस दशम्या दडवून आणल्या होत्या. खोलीत दार लावून खायच्या. आता एकच उरली होती. वरच्या मजल्यावर, जेवणाच्या वेळी ओस पडलेल्या एका बाकावर बसून त्यांनी डबा उघडला.

तेवढ्यात समोर करुणाताई. जेवण सोडून मागोमाग आलेल्या.

सत्यभामाबाई दचकून उठल्या. नेमकी बोट कलली आणि त्यांचा तोल गेला. करुणाताईंनी धरायला हात पुढं केला. सत्यभामाबाईंनी निखारा लागावा तसा आपला हात मागं घेतला आणि कोपरानं कठडा कवटाळला.

करुणाताईंचा हात तसाच हवेत राहिला.

"राहू द्या विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्या दिवशी पाणी दिलं, तुम्ही माझ्या हातातून घेतलं नाय. लाडू दिला, तर म्हणलात टेबलावर ठेवा. संगं जेवायला बोलावलं की रोज एक नवा देव. माझ्या आईला गावात वरून पाणी ओतायचे. ती ओंजळ धरून, वाकून प्यायची. मला वाटलं, ते दिवस सरले. सम्यकला मीच सांगते, साखरपुडा नको म्हणून."

ज्या वाटेनं संकट येईल म्हणून सत्यभामाबाई तीन दिवस पहारा देत होत्या, त्या वाटेनं कुणी आलंच नव्हतं. भावकीशी ज्या शिवाशिवीवरून भांडल्या, नेमकी तीच आज त्यांच्या अंगाला येऊन चिकटली होती.

त्यांनी पदर झटकला आणि दोन्ही हात उघडे केले. भरदुपारच्या उन्हात. खोबरेल तेलानं चकाकणारे, लालभडक, अंगठ्याजवळ रक्त डोकावणारे.

"तसं नाय हो ताई," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला माझी किळस येईल."

करुणाताईंनी ते हात जवळून बघितले आणि बाकावर बसल्या. डबा पुढ्यात ओढला.

"हे काय?"

"दशमी. शिळी हाय. ह्याच हातांनी मळलीय, म्हणून कुणाला दिली नाय."

"अन् तीन दिवस एकट्याच हाणताय, व्हय?"

करुणाताईंनी दशमीचे दोन तुकडे केले. दशमीला खोबरेलाचा वास येत होता. एक तुकडा त्यांनी सावकाश चावून खाल्ला. दुसरा सत्यभामाबाईंच्या तोंडापुढं धरला.

"उघडा तोंड, विहीणबाई. म्हसोबाचं मी बघून घेते."